लॉजच्या रजिस्टरमध्ये नसलेल्या बाईचं खुलं पत्र

प्रति,
मा. पोलीस आयुक्त (शहर तूर्त सांगत नाही)
मा. अपर मुख्य सचिव, गृह विभाग, मंत्रालय, मुंबई

विषय : लॉजचे परवाने, भाड्याच्या खोल्या आणि आमचा जीव

महोदय,

शहराचं नाव मुद्दामच गाळलं आहे. लिहिलं असतं तर आठवड्याच्या आत माझ्या दाराशी कोणी ना कोणी 'चौकशीला' येऊन गेलं असतं. शिवाय हे पत्र राज्यातल्या कुठल्याही आयुक्तालयाच्या टेबलावर ठेवलं तरी चालेल. थोड्याफार फरकानं सगळीकडे हेच चाललंय.

मी ४१ वर्षांची. ११ वर्षं धंदा करते. तुमच्या कागदांवर आम्हाला 'देहविक्रय करणाऱ्या महिला' म्हणतात, चांगलं आहे, पण आमच्या तोंडी धंदाच आहे, तेव्हा मीही तसंच लिहिते. मला कोणी पळवलं नाही, विकलं नाही. माझी कोणी घरवाली, म्हणजे कुंटणखान्याची मालकीण, नाही, दलाल नाही. गिऱ्हाईक फोनवर ठरतं, पैसे माझ्या हातात येतात, नको असेल त्याला मी नाही म्हणते. त्याआधी एका पॅकिंग कंपनीत कंत्राटावर होते. बारा तास उभं राहून जे मिळायचं त्यात खोलीचं भाडं आणि मुलाची फी यांतलं एकच भागायचं. एवढी कर्मकथा पुरे. ती सांगितली नसती तर पूर्ण पत्र वाचताना 'हिला या मार्गाला लावलं कुणी?' हाच प्रश्न तुमच्या डोक्यात राहिला असता.

पत्राचं निमित्त असं. मागच्या महिन्यात आपल्या अधिकाऱ्यांनी शहरातल्या लॉजमालकांची बैठक घेतली. तिथं नेमकं काय बोलणं झालं ते मला ठाऊक नाही. पण त्याच दुपारी मला तीन लॉजच्या मॅनेजरांचे फोन आले. "ताई, आता येत जाऊ नका. एकटी बाई दिसली तरी लायसन जाईल म्हणालेत." चौथ्यानं फोन केला नाही. मी गेले तेव्हा म्हणाला, या, पण मागच्या जिन्यानं. आणि सहाशेच्या खोलीचे आता पंधराशे.

तुम्हाला वाटलं असेल धंदा थांबला. धंदा मागच्या जिन्यावर गेला, एवढंच झालं.

मागच्या जिन्यानं जाणं म्हणजे काय, ते सांगते.

लॉजच्या काउंटरवर लांबुडकं रजिस्टर असतं. नाव, पत्ता, कुठून आलात, आधारची झेरॉक्स, सही. त्यात पुरुषाचं नाव लागतं. आमचं लागत नाही. मॅनेजर लिहीतच नाही, कारण उद्या काही झालं तर बाईची नोंद त्याच्याच गळ्याशी येणार. यात त्याची चूक आहे असंही मी म्हणत नाही. तुमचे लोक ज्याला 'पिटा' म्हणतात त्या १९५६ च्या अनैतिक व्यापार प्रतिबंधक कायद्याच्या कलम ७ मध्येच लिहून ठेवलंय, की हॉटेलचालकानं जाणूनबुजून जागा वापरू दिली असं सिद्ध झालं तर हॉटेलचा परवाना किमान ३ महिने आणि जास्तीत जास्त १ वर्ष निलंबित होऊ शकतो. मुलगी अल्पवयीन असेल तर परवाना रद्दही होऊ शकतो. अल्पवयीन मुलीच्या बाबतीत तसंच व्हायला हवं, त्यात माझं दुमत नाही. पण ४१ वर्षांच्या बाईची नोंद लपवायची सवय याच तरतुदीच्या धाकानं लागली आहे. परवाना त्याचा, तो वाचवण्यासाठी गायब व्हायचं मी.

गेल्या पावसाळ्यात अशाच एका लॉजवर, दुसऱ्या मजल्यावर, एका माणसानं माझ्या गळ्याभोवती पट्टा आवळला. दोनदा फोनवर अदबीनं बोललेला माणूस होता. कंडोमशिवाय हवं म्हणाला, मी नाही म्हटलं. हाताला लागला तो स्टीलचा पाण्याचा जग. तो मी खिडकीच्या गजांवर आपटत राहिले. खाली कोणाला ऐकू गेलं का माहीत नाही, पण चादरी बदलणारा एक पोरगा जिन्यात होता. त्यानं दार वाजवून विचारलं, "साहेब, टॉवेल देऊ?" तेवढ्यानं पट्टा सुटला. दार उघडं टाकून तो माणूस गेला. टॉवेल घेऊन तो पोरगा तिथंच उभा होता, सोळा-सतराचा असेल, मला म्हणाला, "मावशी, पाणी पिता?"

मी पोलीस ठाण्यात गेले. हो, गेले. आमच्यातल्या बहुतेक जणी जात नाहीत. गळ्यावर वळ होता, बोलताना खरखर येत होती. ड्युटीवरच्या साहेबांनी लॉजवर फोन लावला. मॅनेजर म्हणाला, अशी कोणी बाई आमच्याकडे आलेलीच नाही, रजिस्टर बघा. रजिस्टरमध्ये त्या माणसाचं नाव होतं, तेही खोटं. कॅमेरा बंद होता. मग साहेब मला म्हणाले, "तू तिथं काय करत होतीस ते आधी लिहून दे, पुढचं बघू."

महोदय, इथं जरा थांबून विचार करावा. लॉजच्या मागे शाळा आहे. कलम ७ प्रमाणे शाळा, देऊळ, दवाखाना अशा जागांपासून २०० मीटरच्या आत धंदा करणारी बाई तीन महिन्यांपर्यंत तुरुंगात जाऊ शकते. म्हणजे मला मारायला निघालेल्या माणसाविरुद्ध तक्रार द्यायची तर आधी स्वतःच्या गुन्ह्याचा कबुलीजबाब स्वतःच्या अक्षरात लिहायचा. मी कागद परत ठेवला आणि घरी आले. अदखलपात्र म्हणूनसुद्धा नोंद झाली नाही. तो माणूस आजही कुठल्यातरी लॉजवर नाव बदलून सही करत असेल, आणि समोरची बाई रजिस्टरमध्ये नसेल.

आता कोणीही विचारेल, लॉजवर एकटी जातेस कशाला? बरोबर कोणी घेत का नाहीस?

घेत होते. २०१९ पर्यंत आम्ही दोघी होतो.

तिला इथं सुमन म्हणते, खरं नाव वेगळं. माझ्यापेक्षा सहा वर्षांनी मोठी. आम्ही दोघींनी मिळून एक वन बीएचके भाड्यानं घेतला होता. लिव्ह अँड लायसन्सचा करार तिच्या नावावर, कारण पॅन कार्ड तिच्याकडे होतं. भाडं निम्मं निम्मं. एकीचं गिऱ्हाईक आत असलं की दुसरी हॉलमध्ये. टीव्ही लावायचा पण आवाज बारीक. दाराची आतली कडी आम्ही काढूनच टाकली होती. आतून कोणी मोठ्यानं विचारलं, "अगं, दुधाचा गॅस बंद केलास का?" की बाहेरचीनं सरळ दार ढकलून आत यायचं, हातात लाटणं. तीन वर्षांत हे वाक्य पाच वेळा वापरलं गेलं. पाचही वेळा माणूस मुकाट्यानं पँट चढवून गेला. दोन बायका समोर उभ्या राहिल्या की बहुतेकांची मर्दुमकी तेवढ्यावरच निवते.

यापेक्षा स्वस्त आणि चोख सुरक्षा व्यवस्था तुमच्या खात्याकडे असेल तर मला कळवा.

पण कायद्याच्या कलम २ मध्ये कुंटणखान्याची व्याख्या आहे. दुसऱ्या कोणाच्या फायद्यासाठी चालवलेली जागा म्हणजे कुंटणखाना, इथपर्यंत ठीक. त्यापुढे लिहिलंय : किंवा दोन अगर अधिक वेश्यांच्या आपसातल्या फायद्यासाठी वापरलेली जागा. म्हणजे त्या खोलीत मी एकटी होते तोवर कुंटणखाना नव्हता. सुमन हॉलमध्ये लाटणं घेऊन बसली आणि झाला.

२०१९ मध्ये बनावट गिऱ्हाईक आलं, मागोमाग पंच, मागोमाग छापा. कलम १५ म्हणतं की झडतीच्या वेळी किमान दोन महिला पोलीस हव्यात. आमच्याकडे एकच आल्या, त्याही सगळं उरकल्यावर. दुसऱ्या दिवशी पेपरात 'सेक्स रॅकेटचा पर्दाफाश, पीडितेची सुटका'. बातमीतली पीडिता म्हणजे मी. रॅकेट चालवणारी म्हणजे सुमन. तोच धंदा, त्याच खोलीत, तेवढ्याच पैशांत दोघी करत होतो. फरक एवढाच, की करारावर सही तिची होती. कलम ३ प्रमाणे कुंटणखाना चालवल्याबद्दल पहिल्याच शिक्षेत किमान १ वर्ष सक्तमजुरी आहे. तीन महिन्यांनी तिला जामीन मिळाला, खटला अजून चालू आहे, तारखेला ती एसटीनं येते. आणि माझी 'सुटका' झाली ती थेट सुधारगृहात. वर्षभर ठेवण्याचा आदेश होता. सत्र न्यायालयात अपील केलं म्हणून सातव्या महिन्यात बाहेर पडले. मुलगा तेव्हा आठवीत, माझ्या बहिणीकडे. त्याला सांगितलं होतं की मी नाशिकला कामाला गेले आहे. सुधारगृहात अगरबत्त्या वळायला शिकवल्या. त्याचं प्रमाणपत्रही आहे माझ्याकडे, लॅमिनेट केलेलं.

पुढच्याच वर्षी, सप्टेंबर २०२० मध्ये, मुंबई उच्च न्यायालयानं अशाच तीन तरुण मुलींना सोडण्याचा आदेश देताना स्पष्ट म्हटलं, की देहविक्रय हा स्वतःहून या कायद्याखाली गुन्हा नाही आणि सज्ञान बाईला तिच्या मनाविरुद्ध डांबून ठेवता येत नाही. निकाल वाचला तेव्हा मला आनंद झाला का? झाला. पण त्याच बरोबर सात महिन्यांचा हिशेब कोणाकडे मागायचा हेही मनात आलं.

सुमननं धंदा सोडला नाही. सोबतीनं राहणं सोडलं. मीही. त्या छाप्यानं एवढंच साधलं, आणि गळ्याला पट्टा लागला तो त्याचाच पुढचा अंक.

ही आपल्याकडचीच गंमत आहे असं नाही. ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँड राज्यात अगदी हाच नियम होता. परवानाधारक कुंटणखाने मोजके, आणि बाकीच्या बाईनं काम करायचं तर एकटीनं. दोघी एका घरात आल्या की बेकायदा. एकमेकींना 'पोचले, निघाले' असा निरोप देतानाही कायद्याची धास्ती. शेवटी ऑगस्ट २०२४ मध्ये त्यांनी तो कायदा मोडीत काढला. न्यूझीलंडनं तर २००३ मध्येच ठरवलं, की चार बायकांपर्यंत एकत्र काम करत असतील, प्रत्येकीची कमाई तिच्याच ताब्यात असेल, तर त्यांच्यावर चालक म्हणून प्रमाणपत्र घेण्याची सक्ती नाही. एका मताच्या फरकानं, ६० विरुद्ध ५९, मंजूर झालेला कायदा आहे तो. आजही चालू आहे. हे सगळं मी मोबाईलवर वाचलं. गिऱ्हाइकाची वाट बघताना वेळ भरपूर असतो.

आता २०० मीटरचं. मी एकदा पावलांनी मोजून पाहिलं. माझी सव्वा पावलं म्हणजे अंदाजे एक मीटर धरा, म्हणजे २०० मीटर म्हणजे अडीचशे पावलं. माझ्या सध्याच्या खोलीपासून मारुतीचं देऊळ ९० पावलं. बालवाडी १४०. दाताचा दवाखाना खालच्याच मजल्यावर. गल्ल्या बदलून तीन ठिकाणांहून मोजलं, कुठंही अडीचशे पावलं बिनदेवाची भरली नाहीत. या गावात असा चौकच नाही. मोकळी जागा उरते ती एमआयडीसीच्या मागचा रस्ता आणि बायपासवरचा ट्रक थांबतो तो पट्टा, जिथं रात्री दिवा नाही आणि ओरडलं तर कुत्री भुंकतात. कायदा लिहिणाऱ्यांनी देवाचं आणि शाळेचं अंतर मोजलं. पोलीस चौकीपासून बाई किती लांब फेकली जाते ते मोजायचं राहिलं.

त्याशिवाय आयुक्तांना आणखी 'सार्वजनिक जागा' अधिसूचित करायचा अधिकार आहेच. ऑगस्ट २०२१ मध्ये नागपूरच्या गंगा-जमुना वस्तीभोवती बॅरिकेड लागली तेव्हा तिथल्या बायका रस्त्यावर आल्या, भांडल्या, निदान त्यांची बातमी तरी झाली. त्याआधी २००४ मध्ये गोव्यात बायणाच्या किनाऱ्यावरच्या खोल्या भर जूनमध्ये पाडल्या. त्यात मराठी, कानडी, तेलुगू बोलणाऱ्या बायका होत्या. वस्ती मोडली की बायका धंदा सोडतात असं समजणारे लोक कधी वस्ती मोडल्यानंतर सहा महिन्यांनी लॉजवाल्यांकडे विचारायला गेले नसावेत. वस्तीत घरवाली पैसे ओरबाडते, हे खरं. मला तिथं राहायचं नव्हतं म्हणून मी स्वतंत्र झाले. पण वस्तीत किंकाळी ऐकू येते, एवढं तिच्या बाजूनं बोलायलाच हवं.

भाड्याच्या खोलीचं तर आणखी विचित्र आहे. कलम १८ खाली मॅजिस्ट्रेट मालकाला सात दिवसांची कारणे दाखवा नोटीस काढू शकतात, राहणारीला बाहेर काढू शकतात, आणि त्यानंतर वर्षभर ती जागा कोणालाही भाड्यानं देण्याआधी मालकानं मॅजिस्ट्रेटची परवानगी घ्यायची. वर्षभर भाडं अडकणार म्हटल्यावर कुठला मालक मला खोली देईल? जो देतो तो करार करत नाही. करार नाही म्हणून भाडेकरू पडताळणी नाही, पावती नाही, रेशन कार्डाला पत्ता नाही. आणि त्याला माझं गुपित माहीत असल्यामुळे भाडं कधी दर महिन्याला वाढतं, कधी तो भाड्याऐवजी दुसरंच काही मागतो. याची तक्रार कुठं करू? पुन्हा तोच कागद, तेच 'तू तिथं काय करत होतीस'.

कलम ४ बद्दल थोडक्यात, कारण त्यावर फार लिहिलं की हात थरथरतो. वेश्येबरोबर राहणारा सज्ञान माणूस तिच्या कमाईवर जगतो असंच कायदा धरून चालतो, नाही हे त्यानं सिद्ध करायचं. माझा मुलगा १९ वर्षांचा आहे. आयटीआयला फिटर ट्रेडला आहे. १८ पूर्ण झाले त्या वाढदिवशी मी त्याला वेगळी कॉट बेसिसची खोली बघून दिली. का, ते त्याला सांगितलेलं नाही.

कंडोमबद्दल मात्र सांगतेच. १९ मे २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयानं निर्देश दिले, की लैंगिक हिंसा झालेल्या आमच्यापैकी बाईला इतर कोणत्याही पीडितेसारखीच वैद्यकीय मदत मिळावी, पोलिसांनी आमच्याशी माणसासारखं वागावं, छाप्यातल्या बायकांची ओळख माध्यमांनी उघड करू नये, आणि कंडोम हा गुन्ह्याचा पुरावा धरू नये. न्यायालयानं नेमलेल्या समितीच्या काही शिफारशींवर केंद्रानं हरकत घेतली, ते वेगळं. पण कंडोमवर कोणाची हरकत असायचं कारण नव्हतं. तरीही गेल्या वर्षीसुद्धा एका ओळखीच्या बाईच्या पंचनाम्यात 'निरोधची पाकिटे नग ११' लिहून आलं. तिच्याकडे बारा होती. एक कुठं गेलं ते पंचांनाच विचारा. एका बाजूनं सरकारची एड्स नियंत्रणाची माणसं आम्हाला डबेच्या डबे भरून देतात, दुसऱ्या बाजूनं सरकारचीच माणसं ते मोजून जप्त करतात. परिणाम असा, की बायका पर्समध्ये दोनच ठेवतात, आणि तिसऱ्या गिऱ्हाइकाच्या वेळी काय होतं ते तुम्हाला सांगायची गरज नाही.

हे सगळं ऐकलं की काही भल्या माणसांना एक तोडगा सुचतो. एका वकीलसाहेबांनीही मला सांगितला : तुम्हाला सरळ परवाने द्यावेत, कार्ड द्यावं, दर महिन्याला तपासणी, म्हणजे प्रश्नच मिटला.

त्यांचा हेतू चांगला होता, म्हणून तिथं काही बोलले नाही. इथं बोलते. ब्रिटिशांनी हा प्रयोग याच मुंबईत करून झालाय. १८६८ चा सांसर्गिक रोगांचा कायदा आणून बायकांची नोंदणी आणि सक्तीची तपासणी सुरू केली. तपासणीचा उद्देश बाईचा जीव वाचवणं नव्हता, गोऱ्या शिपायाला रोग होऊ नये हा होता. बायका नोंदणी चुकवत राहिल्या आणि १८८८ मध्ये तो कायदा रद्द झाला. अलीकडे जर्मनीनं २०१७ पासून नोंदणी सक्तीची केली. २०१९ च्या अखेरीस नोंद झालेल्या सुमारे ४०,४०० जणी, आणि एकूण संख्येचे अंदाज त्याच्या कितीतरी पट. बाकीच्या कुठं गेल्या? आमच्यासारख्याच, मागच्या जिन्यानं.

यादीत नाव असलं की मदत मिळते आणि नसलं की बाई अदृश्य होते, हे आपण कोविडमध्येही पाहिलं. ऑक्टोबर ते डिसेंबर २०२० साठी महाराष्ट्र सरकारनं आम्हाला महिना ५,००० रुपये देण्याचं ठरवलं. चांगला निर्णय होता, तेव्हाही म्हटलं होतं, आताही म्हणते. पण संस्थांच्या यादीत नाव होतं त्यांच्यापर्यंत पैसे पोचायची शक्यता. फोनवर काम करणारी, कुठल्या वस्तीत नसलेली, संस्थेच्या ताईंनाही माहीत नसलेली माझ्यासारखी बाई त्या यादीत कुठून असणार? तरीही मी म्हणते, परवान्याचं कार्ड नको. कारण ती यादी तुमच्या टेबलावरून सोसायटीच्या चेअरमनकडे आणि तिथून मुलाच्या कॉलेजात जायला एक संध्याकाळ पुरते. आणि ज्यांना कार्ड मिळणार नाही, म्हणजे कागद नसलेल्या, परप्रांतातल्या, एचआयव्ही असलेल्या, त्या दुहेरी बेकायदा होतील. मला परवाना नको. माझ्या हाताला धरून कोणी फरफटत नेऊ नये, एवढंच हवं.

तर मागण्या.

लॉजमालकांना एक लेखी परिपत्रक काढा, बैठकीत तोंडी धमकी नको. त्यात स्पष्ट लिहा, की सज्ञान बाईनं स्वतःचं ओळखपत्र दाखवून रजिस्टरमध्ये नाव लिहिलं, तर निव्वळ त्या नोंदीवरून परवान्यावर कारवाई होणार नाही. उलट खोलीत बाई असून नोंद केली नाही, तर ती चूक. जिन्यातले आणि काउंटरवरचे कॅमेरे चालू आहेत का, हे बघायला जरूर जा. अल्पवयीन मुलगी सापडली तर परवाना काढून घ्या, आम्ही स्वतः फोन करून सांगू. यापूर्वीही सांगितलेलं आहे.

मारहाण, बलात्कार, लुबाडणुकीची तक्रार घेऊन आलेल्या बाईवर त्याच प्रसंगावरून कलम ७ किंवा ८ (गिऱ्हाइकाला खुणावल्याबद्दलचं) लावू नका, आणि धंद्याचा कबुलीजबाब ही तक्रारीची अट करू नका. १ जुलै २०२४ पासूनच्या नव्या फौजदारी कायद्यात हद्द कुठलीही असो, ठाण्यानं गुन्हा नोंदवायचा आहे. तो आमच्यासाठीही आहे, एवढं प्रत्येक ठाण्याच्या भिंतीवर लावा. सर्वोच्च न्यायालयाचे २०२२ चे निर्देश मराठीत, त्याच भिंतीवर. पंचनाम्यातून कंडोम काढून टाका.

मालक नाही, दलाल नाही, प्रत्येकीचे पैसे तिच्याच हातात, अशा दोन-चार सज्ञान बायका एका जागेत काम करत असतील तर तिला कुंटणखाना समजू नये, अशी दुरुस्तीची शिफारस राज्यानं केंद्राकडे करावी. कायदा केंद्राचा आहे, मला माहीत आहे. पण छापा कुठं घालायचा, आणि करारावर सही आहे म्हणून कोणाला आरोपी करायचं, हे तर तुमच्या ठाण्यात ठरतं ना? तेवढं आजपासून थांबवता येईल. सुमनसारख्या खटल्यांचा सरकारी वकिलांकडून आढावा घ्या.

आणि कलम ७ खाली नवी जागा अधिसूचित करण्याआधी, किंवा लॉजवाल्यांची पुढची बैठक बोलावण्याआधी आमचं ऐका. सांगलीत वेश्या अन्याय मुक्ती परिषदेच्या बायका गेली कित्येक वर्षं संघटित आहेत, पुण्यात बुधवार पेठेत बायका संघटित आहेत, त्यांना बोलवा. आमच्यासारख्या सुट्या बायका समोर यायला घाबरतील, आमची बाजू त्या मांडतील.

उत्तर वर्तमानपत्रात दिलंत तरी चालेल. मी रोज वाचते.

आपली,
एक नागरिक, मतदार यादीत नाव असलेली

ता.क. सध्या आम्ही पाच जणींनी व्हॉट्सअॅपवर एक ग्रुप केला आहे. नाव 'भिशी'. लॉजवर जाताना खोली नंबर टाकायचा, बाहेर पडल्यावर अंगठा. तासाभरात अंगठा आला नाही तर बाकीच्यांनी फोन करायचा, तोही उचलला नाही तर जी जवळ असेल तिनं जायचं. त्या ग्रुपची अॅडमिन मी आहे. अॅडमिन म्हणजे कायद्यानं घरवाली होते का, एवढं आपल्या विधी अधिकाऱ्यांना विचारून लेखी कळवावं.